उद्यमबागेतला कोड आणि एडिटरमधली लाल रेघ

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत रोज किती कोड लिहिला जातो, याची दखल सॉफ्टवेअरच्या जगात कुणी घेत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे, खानापूर रस्त्याच्या आसपास जी मशीन शॉप पसरली आहेत, त्यांतल्या प्रत्येक सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या) लेथला आणि व्हीएमसीला (उभ्या मशीनिंग सेंटरला) चालायला प्रोग्राम लागतो, आणि तो कुणीतरी माणूस काचेच्या केबिनमध्ये बसून, शॉपमधला आवाज कानावर घेत, एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करत असतो. मोठ्या कंपन्यांत कॅम सॉफ्टवेअर ड्रॉइंगवरून प्रोग्राम काढून देते. आमच्याकडच्या लहान शॉपमध्ये लेथचे प्रोग्राम बहुतेक करून हातानेच लिहिले जातात, किंवा मागच्या ऑर्डरच्या जॉबचा प्रोग्राम उघडून, त्याची प्रत काढून, त्यातले आकडे बदलले जातात. पंपाच्या शाफ्टचा व्यास बदलला की दहा ठिकाणचे आकडे बदलावे लागतात, आणि त्यांतला एखादा जरी नीट टाइप झाला नाही तरी त्याची किंमत इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक), जॉब (कापायचा भाग) किंवा चक (जॉब धरणारा भाग) यांपैकी कुणाला तरी मोजावी लागते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर लिहितो आणि बेळगावातच राहतो. एका परिचितांच्या शॉपसाठी मी जी-कोडची, म्हणजे हे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिची, वाक्यरचना तपासणारा एक छोटा चेकर लिहिला आणि तो त्यांच्या एडिटरमध्ये बसवला. हा लेख त्या बसवण्याविषयी आहे. तपासण्याचे नियम लिहिणे तुलनेने सोपे असते. पुस्तक समोर ठेवून ते काम पार पडते. तो चेकर एडिटरमध्ये नेमक्या जागी, नेमक्या वेळी आणि वाचणाऱ्याला कळेल अशा शब्दांत बोलेल, अशी व्यवस्था करणे हे मला त्याहून कितीतरी मोठे काम वाटते, आणि चेकर वापरला जाणार की पहिल्या आठवड्यातच बंद करून टाकला जाणार, हे त्यावरच ठरते.

ज्यांनी जी-कोड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या भाषेचे प्रमाणित रूप आयएसओ ६९८३ या मानकात १९८२ मध्ये आले, पण तिची मुळे त्याआधीच्या, कागदी फितीवर भोके पाडण्याच्या काळातली आहेत, आणि त्यामुळे ती अतिशय काटकसरी आहे. एका ओळीला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये एक अक्षर आणि त्याला जोडलेला आकडा अशा जोड्या असतात. ‘जी०० एक्स५०. झेड२.’ याचा अर्थ टूलला वेगाने ५० मिमी व्यासावर आणि जॉबच्या तोंडापासून २ मिमी अंतरावर आण. पुढचा ‘जी०१ झेड-२५. एफ०.२’ म्हणजे आता दर फेऱ्याला ०.२ मिमी या फीडने २५ मिमी आत कापत जा. पन्नासच्या पुढे जो टिंब आहे, तो वाक्य संपल्याचा नाही. तो दशांश चिन्हाचा पॉइंट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या भाषेतली सर्वांत धोकादायक खूण तीच आहे.

कारण असे की, फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर), नेहमीची सेटिंग असेल तर, पॉइंटशिवाय लिहिलेला आकडा मशीनच्या सर्वांत लहान मापात वाचला जातो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. ‘एक्स५०’ असे लिहिले तर मशीन ते ५० मिमी समजत नाही, ०.०५० मिमी समजते. टूल व्यासाच्या कडेला येण्याऐवजी थेट मध्यावर येऊन उभे राहते. या ब्लॉकमध्ये काहीही आदळत नाही, कारण टूल अजून तोंडापासून २ मिमी दूर आहे. पुढच्या ब्लॉकमध्ये मात्र ते त्याच फीडने भरीव जॉबच्या तोंडात शिरते. मशीनच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नसते. व्याकरण शुद्ध आहे, आकडा मर्यादेत आहे, फीड दिलेला आहे. त्यामुळे अलार्मही वाजत नाही.

ज्या चुकांवर अलार्म वाजतो त्या खरे तर दयाळू चुका असतात. ‘जी०१’ मधल्या शून्याच्या जागी रोमन लिपीतले ओ अक्षर टाइप झाले, तर कंट्रोल ते वाचण्याचे नाकारतो. त्याला माहीत नसलेला जी-कोड दिला तर अलार्म १० येतो. कापायला सांगितले पण फीड कधी दिलाच नाही तर अलार्म ११ येतो. मशीन थांबते, ऑपरेटर केबिनकडे हाक मारतो, चूक दुरुस्त होते. नुकसान होते ते वेळेचे. पण तेही थोडेथोडके नसते, कारण तोवर प्रोग्राम कार्डवर किंवा केबलवरून मशीनमध्ये गेलेला असतो, जॉब चकमध्ये धरलेला असतो, टूल सेट झालेले असतात, आणि ज्याने तो टाइप केला तो माणूस दुसऱ्या जॉबच्या ड्रॉइंगमध्ये बुडालेला असतो. चूक होणे आणि चूक कळणे यांमधले हे अंतर मिटवावे, एवढीच चेकरकडून माझी अपेक्षा होती. बोट ज्या ओळीवर आहे त्याच ओळीवर, बोट तिथे असतानाच, ती कळावी.

ही इच्छा नवी नाही. सी भाषेतला कोड तपासणारा लिंट हा प्रोग्राम बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये लिहिला, तेव्हापासून कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) जे खपवून घेतो त्यावरही बोट ठेवणारी वेगळी साधने प्रोग्रामरांच्या हाताशी आहेत. पण लिंट वेगळा चालवावा लागे. तो चुकांची यादी छापे, आणि ती यादी हातात घेऊन, आकडे मोजत, एडिटरमध्ये त्या त्या ओळीवर जावे लागे. पुढे विम या एडिटरने क्विकफिक्स नावाची सोय दिली. तिची कल्पना अमिगा संगणकावरच्या मँक्स कंपनीच्या अॅझ्टेक सी कंपायलरमधून घेतल्याचे विमची स्वतःचीच माहितीपुस्तिका सांगते. या सोयीत चेकरच्या तोंडून आलेली ओळ एडिटर स्वतः वाचतो, तिच्यातून फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, रकान्याचा क्रमांक आणि संदेश वेगळे काढतो, आणि कर्सर थेट चुकीवर नेऊन ठेवतो. ओळ कशी वाचायची याचा साचा आपण एकदा लिहून द्यायचा, बस्स. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ती सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच सापडते, आणि आजही नव्या चेकरची पहिली चाचणी मी तिच्यावरच घेतो.

त्यानंतरचा मोठा पल्ला २०१६ साली गाठला गेला. विमच्या आठव्या आवृत्तीने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेरचा प्रोग्राम पार्श्वभूमीवर चालवण्याची क्षमता आणली, त्यामुळे चेकर काम करत असताना एडिटर गोठून बसणे थांबले. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्या साथीने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्याआधी प्रत्येक भाषेचा चेकर प्रत्येक एडिटरला वेगळा जोडावा लागे; या करारानंतर भाषेच्या बाजूने एक सर्व्हर लिहिला की करार पाळणारा कोणताही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. उद्यमबागेतल्या शॉपसाठी काही लिहिणाऱ्या माझ्यासारख्या एकट्यादुकट्या माणसाला या कराराचे मोल फार आहे. शॉपमध्ये केबिनमधला मुलगा एक एडिटर वापरतो, मालकांच्या लॅपटॉपवर दुसरा आहे, आणि मी घरी तिसराच वापरतो. तरी चेकर एकच.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येतो. पहिला प्रश्न असा की, चेकरने नेमके काय वाचायचे? उत्तर सोपे वाटते, पण डिस्कवरची फाइल आणि पडद्यावर दिसणारा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. टाइप करणाऱ्याने अजून सेव्ह केलेले नसते. डिस्कवरची फाइल वाचली तर चेकर मागच्या मजकुरावर बोलतो, आणि आता दुरुस्त केलेली चूक तो पुन्हा दाखवत राहतो. ईमॅक्स या एडिटरच्या फ्लायमेक या तपासणीच्या सोयीने पूर्वी यावर असा तोडगा काढला होता की, बफरमधला (एडिटरमध्ये उघडलेला, सेव्ह न केलेला) मजकूर मूळ फाइलशेजारी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा आणि ती तपासायची. काम होई, पण फोल्डरमध्ये परक्या फाइली दिसत. मशीनच्या फोल्डरमध्ये अशी एकही परकी फाइल मला नको होती, कारण तोच फोल्डर कार्डवर कॉपी होतो आणि कंट्रोलवर ऑपरेटरला त्यातली यादी दिसते. दोन सारख्या नावांमधून घाईत चुकीचे नाव निवडले जाणे म्हणजे टाळायला निघालेला अपघात आपणच ओढवून घेणे. लँग्वेज सर्व्हरच्या करारात हा प्रश्नच उरत नाही: प्रत्येक बदल एडिटर सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर स्मरणात असलेल्या ताज्या मजकुरावर काम करतो.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि माझा सर्वांत जास्त विचार यातच गेला. प्रत्येक कळ दाबल्यावर तपासणी केली तर ‘एक्स५’ एवढे टाइप होताच लाल रेघ उमटते, ‘एक्स५०’ झाल्यावर ती राहते, आणि ‘एक्स५०.’ झाल्यावर ती नाहीशी होते. म्हणजे जो माणूस सगळे बरोबर लिहितो आहे, त्यालाही प्रत्येक आकड्यापाशी लाल रेघ पाहावी लागते. बरोबर लिहिणाऱ्याला दर ओळीला टोकणारा चेकर थोड्याच वेळात दिसेनासा होतो. रेघ पडद्यावर असते, पण डोळा ती घेत नाही. म्हणून टाइप करणे सुमारे अर्धा सेकंद थांबल्यावरच तपासणी करायची, असे ठरवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कर्सर ज्या ब्लॉकवर आहे त्या ब्लॉकच्या खुणा कर्सर तिथून हलेपर्यंत दाखवायच्याच नाहीत. ब्लॉक पूर्ण करून माणूस एंटर दाबतो, कर्सर खाली जातो, आणि त्या क्षणी वरच्या ओळीत काही राहिले असेल तर तिथे रेघ उमटते. हाताची लय मोडत नाही, आणि चूक अजून ताजी असते. नियमांच्या यादीत कधीही न दिसणारा हा निर्णय मला संपूर्ण कामातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

रेघ किती लांब ओढायची, हेही मी हलक्यात घेत नाही. संपूर्ण ओळ लाल केली तर माणसाने त्या ओळीत चूक शोधायची. फक्त ‘एक्स५०’ एवढाच शब्द अधोरेखित केला तर शोधण्यासारखे काही उरत नाही. शॉपमध्ये कुणीही ओळीच्या क्रमांकाने बोलत नाही, ब्लॉकला दिलेल्या एन-क्रमांकाने बोलते: ‘एन८० बघ’ असेच ओरडून सांगितले जाते. म्हणून संदेशात एडिटरच्या ओळ-क्रमांकाबरोबर जवळचा एन-क्रमांकही येतो. कराराप्रमाणे सर्व्हर ओळी शून्यापासून मोजतो आणि पडद्यावर त्या एकापासून दिसतात. ही एकाची बेरीज एडिटर करतो, पण एन-क्रमांकाचे नाते फक्त चेकरलाच कळू शकते.

नियम कोणते ठेवायचे, यावर शॉपमधल्या सर्वांत जुन्या सेटरशी (जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याशी) माझे बरेच बोलणे झाले. त्यांना तिथे सगळे अण्णा म्हणतात. पॉइंटचा नियम मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी पडद्याकडे न पाहता शॉपच्या कोपऱ्याकडे बोट केले. “त्या मशीनला पॉइंट नसला तरी चालतंय. ह्या दोघांना चालत नाही. तुझ्या चेकरला हे म्हाईत हाय काय?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. फॅनुकमध्ये ३४०१ या पॅरामीटरचा एक बिट बदलला की पॉइंट नसलेला आकडाही कॅल्क्युलेटरसारखा सरळ मिलिमीटरमध्ये वाचला जातो. म्हणजे एकच ब्लॉक एका मशीनवर निर्दोष आणि शेजारच्या मशीनवर घातक ठरतो, आणि नुसता मजकूर वाचून हे कुणालाही सांगता येणार नाही. शॉपमध्ये प्रत्येक मशीनचा स्वतंत्र फोल्डर आधीपासूनच होता. त्यात त्या मशीनची एक छोटी सेटिंग फाइल ठेवायची आणि चेकरने प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली फाइल आधी वाचायची, अशी रचना आम्ही केली. नावावरून ती ओळखू यावी आणि कार्डवर जाऊ नये, म्हणून ती कॉपी करणाऱ्या बॅच फाइलमधून वगळली. कोपऱ्यातल्या मशीनवरही मी पॉइंटचा नियम पूर्ण बंद केला नाही. तिथे तो चूक म्हणून लाल दिसत नाही, सूचना म्हणून निळा दिसतो, कारण या मशीनचा प्रोग्राम कधीतरी त्या मशीनवर जातोच. करारात गंभीरतेच्या चार पायऱ्या आहेत, आणि त्या चारही नीट वापराव्यात असे मला मनापासून वाटते. सगळेच लाल करणारा चेकर कशालाच लाल करत नाही.

अण्णांनीच आणखी एक जागा दाखवली, जिथे पॉइंट असणेच चूक असते. आटे कापण्याच्या जी७६ या सायकलच्या (ठरावीक हालचाली आपोआप करणाऱ्या आदेशाच्या) दुसऱ्या ब्लॉकमध्ये ‘पी९२०’ असे लिहितात, म्हणजे आट्याची खोली ०.९२० मिमी; इथे मापन मायक्रॉनमध्येच असते आणि पॉइंट द्यायचा नसतो. त्याच ब्लॉकमधल्या एक्स आणि झेडला मात्र पॉइंट हवाच. एम१० बाय १.५ च्या (१० मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) आट्यासाठी असा ब्लॉक रोज कुणीतरी लिहिते. म्हणजे ‘आकड्याला पॉइंट हवा’ हा नियम अक्षरागणिक आणि सायकलगणिक बदलतो, आणि असे अपवाद चेकरला आधीच ठाऊक नसतील तर तो बरोबर ब्लॉकला चूक म्हणतो. चेकरने एखादी खरी चूक पाहिली नाही तर शॉपला तितकेसे वाटत नाही, कारण सिंगल ब्लॉक (एकेक ब्लॉक थांबून चालवणे) आणि ड्राय रन (न कापता चालवणे) करून पाहण्याची सवय तिथे आहेच. बरोबर ब्लॉकला त्याने चूक म्हटले, की अण्णांसारखा माणूस त्याच्यावरचा विश्वास लगेच काढून घेतो, आणि मला वाटते त्यात त्यांचे काही चुकत नाही.

वाक्यरचनेच्या पलीकडचा एक नियम मी आग्रहाने ठेवला. जी९६ हा कोड पृष्ठभागाचा वेग कायम राखतो: व्यास जसा कमी होतो तशी स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, अधिक जोरात फिरते. ‘जी९६ एस१८०’ दिला आणि टूल ५० मिमी व्यासावर असेल, तर स्पिंडल सुमारे १,१४६ आरपीएमने फिरते. तोंड कापत टूल १० मिमी व्यासावर आले की तीच स्पिंडल सुमारे ५,७३० आरपीएम मागते, आणि मध्याशी पोचताना मागणीला अंतच नसतो. म्हणून आधी ‘जी५० एस२०००’ अशासारखी कमाल मर्यादा द्यावी लागते, नाहीतर मशीन स्वतःच्या कमाल वेगापर्यंत जाते आणि त्या वेगाला चकच्या जबड्यांची पकड ढिली पडते. हायड्रॉलिक चकमध्ये धरलेले, जरासे असमतोल कास्टिंग त्या वेगाने फिरताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. जी९६ आधी मर्यादा सापडली नाही, तर चेकर जी९६ च्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. व्याकरणाच्या दृष्टीने तो ब्लॉक निर्दोष असतो. तरीही ही रेघ लालच हवी, यावर अण्णांचे आणि माझे पहिल्यापासून एकमत होते.

आता भाषेकडे येतो. बेळगावच्या कोणत्याही शॉपप्रमाणे इथेही शेजारशेजारच्या मशीनवर खानापूर तालुक्यातला किंवा चंदगडकडचा मराठी मुलगा आणि बैलहोंगलकडचा कन्नड मुलगा उभे असतात, एकमेकांशी दोन्ही भाषा मिसळून बोलतात, आणि इंग्रजी संदेश आला की दोघेही त्यातला क्रमांक तेवढा वाचतात. आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलांना अलार्मचे क्रमांक पाठ असतात, पण त्यामागचे वाक्य वाचण्याची त्यांना कधी गरजच पडू दिलेली नसते. चेकरचा संदेश मात्र वाचला गेलाच पाहिजे, कारण त्यात उपाय असतो. म्हणून प्रत्येक नियमाचा संदेश मराठीत आणि कन्नडमध्ये ठेवला आणि भाषा निवडण्याची सोय एडिटरच्या सेटिंगमध्ये दिली. मराठी संदेश असा आहे: ‘एन८०: एक्स५० ला पॉइंट नाही. हे मशीन ते ०.०५० मिमी समजेल.’ कन्नड संदेश बैलहोंगलच्या मुलाने स्वतः लिहिले, शॉपमध्ये बोलतात तसे, आणि ते मराठीपेक्षा आटोपशीर झाले. पहिला संदेश पडद्यावर उमटला तेव्हा त्याने शेजारच्या मशीनवरच्या मुलाला “इल्ली नोडो” म्हणून बोलावून घेतले होते.

या दोन भाषांमुळे जोडणीतली एक गोष्ट माझ्यासमोर फार स्पष्टपणे आली. चेकर पायथॉनमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये देवनागरी आणि कन्नड संदेश भरलेले आहेत, आणि तो कोड लिहिताना माझ्या एडिटरमध्येही पायथॉनचा एक चेकर चालूच असतो. एखाद्या ओळीत आधी मराठी संदेश आणि त्यानंतर, त्याच ओळीत, न ओळखलेले नाव आले, की एका एडिटरमध्ये रेघ अचूक त्या नावाखाली येते आणि दुसऱ्या एडिटरमध्ये ती बरीच उजवीकडे, कधी ओळ संपल्यावर रिकाम्या जागेत जाते. चेकर तोच, चूक तीच, संदेशही तोच.

कारण मोजणीत आहे. ‘क्षेत्र’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तो दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त आणि र असे ७ घटक होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात, म्हणजे फाइलमध्ये तो २१ बाइटचा असतो. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक घटकाला एक एकक लागते, म्हणजे ७. पायथॉन आपल्या कोडचा जो वाक्यरचना-वृक्ष बनवतो, त्यात रकाना यूटीएफ-८ च्या बाइटमध्ये मोजला जातो, आणि त्यावर उभे राहिलेले चेकर बहुधा तोच आकडा पुढे पाठवतात. विमच्या क्विकफिक्सला रकाना बाइटमध्येच हवा असतो, म्हणून तिथे रेघ बरोबर येते. लँग्वेज सर्व्हरच्या करारात मात्र मूळ नियम यूटीएफ-१६ च्या एककांत मोजण्याचा आहे. तिथे बाइटचा आकडा तसाच दिला तर एका ‘क्षेत्र’मागे रेघ १४ जागा पुढे सरकते. २०२२ मध्ये आलेल्या ३.१७ या आवृत्तीत कोणत्या मापात मोजायचे हे एडिटर आणि सर्व्हर यांनी सुरुवातीलाच आपसात ठरवण्याची सोय झाली, पण दोन्ही बाजूंनी ती राबवली असेल तरच तिचा उपयोग. ज्याच्या कोडमध्ये रोमन अक्षरांशिवाय काहीच नसते त्याच्यासाठी तिन्ही मापे एकच उत्तर देतात, आणि म्हणून अनेक चांगल्या चेकरांमध्ये हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो. आपल्यासारख्यांनी तो पाहून गप्प बसू नये. नमुन्याची एक ओळ देऊन तो कळवावा, कारण कन्नड, तमिळ, बंगाली लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या दुरुस्तीचा फायदा होतो.

याच मोजणीतली आणखी एक बारीक गोष्ट मराठीची खास आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारांनी टाइप होतो. एकात वेगळा ऱ वापरतात आणि शब्दाचे ७ घटक होतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह येते आणि घटक ८ होतात. पडद्यावर फरक दिसत नाही. हे न दिसणारे चिन्ह, किंवा इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिल्याने आलेला देवनागरी शून्य, जी-कोडच्या फाइलमध्ये शिरला तर तो डोळ्यांनी शोधणे जवळजवळ अशक्य असते, कारण कित्येक फाँटमध्ये देवनागरी शून्य रोमन शून्यासारखाच दिसतो, आणि कन्नड शून्यही. एकाच संगणकावर तीन लिपी चालणाऱ्या केबिनमध्ये हा धोका रोजचा आहे. कंट्रोलला लागतात ती रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे. बाकी काहीही आले की चेकर तेवढ्याच एका जागेखाली रेघ ओढतो आणि संदेशात सांगतो की हा मराठी शून्य आहे की कन्नड. हा नियम लिहायला काही ओळी पुरल्या. बंगळूरच्या किंवा पुण्याच्या कार्यालयात बसून कुणी हा चेकर लिहिला असता, तर त्याला तो सुचला असता असे मला वाटत नाही.

एडिटरची पोच जिथे संपते तिथे काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. फर्स्ट पीस (पहिला तयार झालेला जॉब) मोजल्यावर ऑपरेटर मशीनच्या पॅनलवरच एखादा ब्लॉक बदलतो, आणि तो बदल केबिनमधल्या फाइलमध्ये नसतो. जॉब संपल्यावर प्रोग्राम कार्डवरून परत आणण्याची शिस्त मालकांनी आता लावली आहे. परत आलेली फाइल उघडताच चेकर ती तपासतो आणि जुन्या प्रतीपेक्षा कोणते ब्लॉक बदलले ते कडेला दाखवतो. सध्या मी सबप्रोग्रामचा (मुख्य प्रोग्रामने बोलावलेल्या छोट्या प्रोग्रामचा) नियम लिहितो आहे. ‘एम९८ पी१२३४’ असे आले तर त्या क्रमांकाचा प्रोग्राम त्याच मशीनच्या फोल्डरमध्ये असायला हवा, आणि त्याच्या शेवटी मुख्य प्रोग्रामकडे परत नेणारा एम९९ हवा. एका फाइलपुरते पाहणाऱ्या चेकरला हे जमत नाही, सगळा फोल्डर लक्षात ठेवणाऱ्या सर्व्हरला जमते. सबप्रोग्राम फोल्डरमध्ये नसला पण मशीनच्या स्मरणात आधीपासून असला, तर रेघ लाल ओढायची की निळी, हे अण्णांना विचारायचे आहे.